प्रू असं कधी म्हणाली नव्हती

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला लंडनच्या पुस्तकवाल्यांच्या गल्लीत नवे अंक येत. त्या दिवशी दुकानांच्या फळ्या निघायच्या आधीच ओबेड टुली दाराशी हजर असायचा. मिसेस कॅरिक यांच्या 'टॅन्सी मार्लो' या कादंबरीचा हिरव्या वेष्टनातला नवा भाग घ्यायचा, कोटाच्या आत सारायचा आणि तडक घर गाठायचं. दुकानदाराला वाटे, काय वेडा आहे हा माणूस त्या कथेचा! वेडा तर तो होताच. पण घरी पोचला की तो अंक उघडून दौतीला टेकवून ठेवी, बाह्या वर सारी आणि त्याची नक्कल करायला बसे.

शब्दाला शब्द असा तो उतरवत नसे. टॅन्सी मार्लोची त्यानं टॅम्सी हार्लो केली होती. टॅन्सीला सांभाळणारा, रस्त्यावरचे दिवे लावणारा म्हातारा मूळ कथेत लंगडा होता. टुलीनं त्याचा पाय बरा केला आणि एक डोळा काढून घेतला. दुष्ट मामाच्या जागी दुष्ट काका आला. बाकी सगळं तेच. मिसेस कॅरिकच्या एका भागातून टुलीचे चार निघत, दर शनिवारी एक. तिचा भाग शिलिंगाला, म्हणजे बारा पेनींना, याचा एका पेनीला. ज्यांनी शिलिंग एकरकमी हातात धरलं नव्हतं अशी अर्धी लंडननगरी टॅम्सीवर जीव टाकत होती.

हे अंक छापणारा स्नेलिंग हा गुबगुबीत, हसऱ्या चेहऱ्याचा गृहस्थ होता. "अरे टुली, आपण चोरी कुठं करतोय?" तो म्हणे. "श्रीमंतांच्या ताटातली गोष्ट आपण गरिबाच्या पानात वाढतो. पुण्य लागेल तुला, पुण्य!"

सहा वर्षांपूर्वी सफोकमधल्या ब्रॅकस्टेड गावची शाळामास्तरकी सोडून, स्वतःची एक कादंबरी बगलेत मारून टुली लंडनला आला होता. सात प्रकाशकांनी ती परत केली. आठवा स्नेलिंग. त्यानं दोन पानं चाळली आणि विचारलं, "हे असू दे. दुसऱ्याचं बघून लिहिता येतं का?" टुलीला येत होतं. फारच चांगलं येत होतं.

मिसेस कॅरिकला त्यानं कधी पाहिलं नव्हतं, पण तिच्या लिखाणाची नस न् नस त्याला माहीत झाली होती. ती कंटाळली की वाक्यं लांबतात. मनातून दुखावली असली की पात्रांना विनोद करायला लावते. एखादं पान इतकं नेमकं उतरलेलं असे, की त्याची मोडतोड करताना टुलीचा हात अडखळे. तिसऱ्या भागात एक जागा होती. संध्याकाळी म्हातारा दिवा लावतो आणि टॅन्सी विचारते, "बाबा, आपण दिवा लावला की अंधार बिचारा कुठं झोपायला जातो?" ही ओळ बदलायचा त्यानं दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा ती मेली. शेवटी त्यानं ती जशीच्या तशी उचलली. सहा वर्षांत अख्खी ओळ उचलायची ही पहिलीच वेळ होती.

त्याची बायको केझाया गवताच्या टोप्या शिवायच्या कारखान्यात कामाला होती. तिथं एक बाई मोठ्यानं वाचे आणि बाकीच्या वीस-बावीस जणी शिवता शिवता ऐकत. 'टॅम्सी हार्लो' आपल्या नवऱ्यानं लिहिलीय हे केझायानं तिथं कधीच सांगून टाकलं होतं, आणि त्यामुळे तिला खिडकीजवळची उजेडाची जागा मिळाली होती. ती कथा आली कुठून, हे मात्र तिला माहीत नव्हतं.

एका शनिवारी तो तिला आणायला गेला, तर म्हाताऱ्या मिसेस पॉटनं त्याला दारातच गाठलं. "अहो टुलीसाहेब, ऐकलंत का? कोणी एक बाई म्हणे आपल्या टॅम्सीची चोरी करते! नाव जरासं बदललंय, हिरवं कव्हर लावलंय आणि शिलिंगाला विकतेय, मेली!"

"लाज कशी वाटत नाही एकेकीला," दुसरी म्हणाली. "स्वतःचं डोकं नाही तर भांडी घासावीत."

"आमचे हे फार साधे," केझाया टोपीच्या फिती बांधत म्हणाली. "दुसरा असता तर कोर्टात खेचलं असतं तिला."

टुली हसला. आपण हसलो हे त्याला घरी पोचेपर्यंत सलत राहिलं.

कोर्टात खेचलं ते मिसेस कॅरिकनंच. वसंत ऋतूत तिच्या वकिलाची नोटीस स्नेलिंगच्या टेबलावर आली. टॅम्सीची छपाई थांबवा, नाहीतर चॅन्सरी कोर्टाचा हुकूम आणतो. दोन्ही कथांतली सारखी ठिकाणं त्यात दाखवली होती आणि सगळ्यांत वर ती दिव्याची ओळ होती.

स्नेलिंगनं दार लावून घेतलं. "बाकीचं मी निभावतो. अनाथ पोरी काय, दुष्ट काका काय, कुणाच्या बापाची मिरास नाही. पण ही ओळ अख्खीच्या अख्खी कशाला ढापलीस, शहाण्या?"

"बदलता येईना."

"मग आता ती तुझीच आहे असं सांग. लहानपणी कुठं ऐकली होतीस म्हण. घरात कुणी लहान पोर होतं का?"

"बहीण होती," टुली म्हणाला. "प्रुडन्स. नऊ वर्षांची असताना गेली."

हे तोंडातून का निघालं, ते त्याला पुढं कधी कळलं नाही. नुसतं 'नाही' म्हणता आलं असतं.

स्नेलिंगनं टुलीच्या खांद्यावर हात ठेवला. "वाईट झालं. फार वाईट झालं. पण हे बघ, मेलेलं माणूस उलटतपासणीला येत नाही."

चार दिवसांनी चॅन्सरी गल्लीतल्या एका कोंदट खोलीत टुलीनं बायबल हातात घेतलं. पुस्तकाचं कातडं हजारो माणसांच्या ओठांनी काळं पडलं होतं. त्यावर त्यानंही ओठ टेकले. त्याच्या प्रतिज्ञापत्रात असं होतं, की टॅम्सी ही त्याची स्वर्गवासी बहीण प्रुडन्स टुली. तिनं एका संध्याकाळी ब्रॅकस्टेडच्या घराच्या उंबऱ्यावर उभं राहून आईला विचारलं होतं, की आपण दिवा लावला की अंधार बिचारा कुठं झोपायला जातो. ही आठवण त्यानं वर्षानुवर्षं उराशी जपली, आणि मिसेस कॅरिक यांची कादंबरी त्यानं आजवर वाचलेली नाही.

त्यातलं खरं एवढंच, की प्रू होती आणि ती मेली.

न्यायाधीश म्हणाले, भावाच्या दुःखातून उगवलेल्या ओळीवर दुसऱ्या कुणाला हक्क सांगता येणार नाही. अर्ज फेटाळला गेला. वर्तमानपत्रांनी ती ओळ चौकटीत छापली. टॅम्सीचा पुढचा अंक दुप्पट छापावा लागला. स्नेलिंगनं टुलीच्या घरी बदक पाठवून दिलं. केझायानं ते सफरचंदं घालून भाजलं, आणि जेवताना डोळे पुसत म्हणाली, "प्रूबद्दल मला कधी बोलला नाहीत हो. आतल्या आत ठेवलंत सगळं." टुली घास नुसता चिवडत बसला. त्याच्या दुःखी स्वभावामुळं तसं होतंय असं तिला वाटलं, आणि तिनं त्याच्या ताटात आणखी वाढलं.

पुढच्या आठवड्यात पत्र आलं. अक्षर त्यानं कधी पाहिलं नव्हतं, पण दुसऱ्याच वाक्याला ते कुणाचं हे त्यानं ओळखलं.

'मिस्टर टुली, तुमचं प्रतिज्ञापत्र वाचलं गेलं तेव्हा मी कोर्टात होते. माझे वकील म्हणतात, त्यात एक अक्षरही खरं नाही. पण कुणी माणूस आपल्या मेलेल्या बहिणीला खोट्यात ओढील, यावर माझा विश्वास बसत नाही. दोन मुलांना एकच प्रश्न पडू शकतो, हे मला आधीच सुचायला हवं होतं. शेवटच्या भागांत टॅन्सी तापानं जाते असं मी लिहून ठेवलं होतं. ती पानं मी जाळली. तुमची बहीण एकदा गेली आहे. कथेत तिला पुन्हा मारायचा मला अधिकार नाही. तुम्हाला चोर म्हटलं, त्याबद्दल क्षमा करा. ऑनर कॅरिक.'

टुलीनं पत्राची घडी केली, उघडलं, पुन्हा घडी केली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर त्यानं मुकाट ऐकून घेतल्या असत्या. तीन दिवस त्याच्या हातून एक ओळ उतरली नाही. स्नेलिंगनं माणूस पाठवला, तेव्हा त्यानं डोकं दुखतंय म्हणून कळवलं. चौथ्या दिवशी दुपारी त्यानं चांगला कोट घातला आणि पत्रावरचा पत्ता शोधत तो हॅक्नीला, तिच्या घरी गेला.

दार तिनंच उघडलं. चाळिशीची, बुटकी बाई. बोटांना शाई, अंगावर काळे कपडे. त्यानं नाव सांगताच तिचा चेहरा मऊ झाला. "या, आत या. तुम्ही याल असं वाटलं नव्हतं." तिनं चहा केला, केक कापला आणि खुर्चीवरचं मांजर उचलून त्याला बसायला जागा करून दिली. "प्रुडन्सला काय झालं होतं? ताप?"

"मॅडम, मला काही सांगायचंय."

"सावकाश सांगा. मी समजू शकते. माझीही मुलगी गेली. फिबी. चार वर्षं झाली. म्हणून तर तुमचं मला पटलं. तो प्रश्न तिचा होता. मी दिवा लावत होते, आणि ह्याच खुर्चीवर गुडघे टेकून तिनं विचारलं होतं."

टुलीनं हातातली कपबशी खाली ठेवली.

"प्रू असं कधी म्हणाली नव्हती," तो म्हणाला. "मी तुमचा प्रत्येक भाग पहिल्या तारखेला विकत घेतो. ती ओळ तुमच्या तिसऱ्या भागातली आहे. बाराव्या पानावर, खालून चौथी. शपथ खोटी होती."

मांजर तिच्या पायाशी घोटाळत होतं, त्याच्याकडे तिचं लक्ष गेलं नाही. मग अगदी हळू आवाजात तिनं विचारलं, "बहीण तरी होती का?"

"होती."

"आणि तिच्या तोंडात तुम्ही माझ्या फिबीचं बोलणं घातलंत."

"हो."

"मी ती पानं जाळली, मिस्टर टुली. टॅन्सीच्या मरणाची. कळतंय का तुम्हाला? ती पानं लिहायचा मला चार वर्षं धीर होत नव्हता. फिबीचे शेवटचे तीन दिवस होते त्यांत. एकदा लिहून झाली, तेव्हा मला कुठं झोप लागायला लागली होती. आणि ती मी तुमच्या बहिणीचा मान राखायला चुलीत घातली."

"पुन्हा लिहिता येणार नाहीत का?" हे विचारताक्षणी त्याला स्वतःची किळस आली.

"तुम्ही बघून लिहिणारे. तुम्हाला तसं वाटणारच." ती उठली, टेबलावरून कागद आणि टाक आणून तिनं त्याच्यापुढं ठेवले. "आता बोललात ते सगळं लिहा. खाली सही करा."

या कागदावर आपण तुरुंगात जाऊ शकतो हे त्याला पक्कं माहीत होतं. त्यानं लिहिलं. एकही शब्द खोडला नाही. तिनं ते उभ्यानं वाचलं.

"मी क्षमा करीन असं समजून आला असाल, तर—"

"नाही, मॅडम."

"बरं. कारण मी करणार नाही." मग दाराशी पोचवताना, जणू न राहवून, ती म्हणाली, "तुमचा तो एका डोळ्याचा म्हातारा मी वाचला होता. तो वाईट नव्हता. स्वतःचं काही का लिहीत नाही तुम्ही?"

रस्त्यावर आल्यावर टुली बराच वेळ एका भिंतीला टेकून उभा राहिला.

तिनं त्याला तुरुंगात घातलं नाही. तिच्या वकिलानं तो कागद स्नेलिंगला फक्त दाखवला. त्याच शनिवारी 'टॅम्सी हार्लो' मधल्यामध्ये बंद पडली. टॅम्सी काकाच्या तळघरात कोंडलेली, बाहेर कुत्रा भुंकतोय, आणि बस. स्नेलिंगनं टुलीला जिन्यावरूनच परतवून लावलं. "खाल्ल्या घरचे वासे मोजणारा माणूस! अरे, पाप एवढं टोचत होतं तर चर्चमध्ये जायचं होतंस, हॅक्नीला कशाला गेलास?" महिन्याभरात त्यानं दुसरा लेखक धरला आणि दुसऱ्या कुणाची तरी कथा छापायला घेतली.

केझायाला टुलीनं सगळं सांगितलं. ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. खिडकीजवळची जागा तिनं आपण होऊन सोडली आणि मागच्या बाकावर जाऊन बसली. तिसऱ्या दिवशी भांडी आदळत ती म्हणाली, "मिसेस पॉट रोज विचारतात, तळघरातून टॅम्सी सुटली का म्हणून. काय सांगू मी त्यांना?"

"शिलिंगवाल्या पुस्तकात सुटलीय म्हणावं."

"आणि त्यांनी शिलिंग काय झाडाचं तोडायचं?"

पण पहिल्या तारखेला तीच हिरवा अंक घेऊन आली, आणि कारखान्यात तो तिनं स्वतः वाचून दाखवला. आधी बायकांनी नाकं मुरडली. तिसऱ्या पानाशी सगळ्या चिडीचूप झाल्या. मिसेस पॉट म्हणाल्या, "ही बाई चोरते खरी, पण चोरते काय झकास!" केझायानं त्यावर सुई खाली ठेवली आणि खरं काय ते सगळ्यांसमोर सांगितलं. घरी येऊन तिनं हे टुलीला सांगितलं, तेव्हा तिचा चेहरा लाल होता. पण त्या दिवसापासून ती त्याच्याशी पहिल्यासारखी बोलू लागली.

'टॅन्सी मार्लो'चा शेवटचा भाग ऑगस्टमध्ये निघाला. टॅन्सी तापातून उठते, मोठी होते, एका गलबतवाल्याच्या मुलाशी तिचं लग्न लागतं. मासिकांतून टीकाकारांनी एकमुखानं लिहिलं, की इतकी सुंदर कथा शेवटी ढेपाळली. बाईंचा हात थकलेला दिसतो. टुलीनं ते सगळं वाचलं. वाक्यं लांबली होती आणि पात्रं एकसारखी विनोद करत होती.

सप्टेंबरात कापणीच्या दिवसांत तो ब्रॅकस्टेडला गेला. तोवर त्यानं दुकानांच्या पाट्या रंगवण्याचं काम धरलं होतं आणि तिथून चार दिवसांची सुटी घेतली होती. आईला खरं सांगायचं, एवढंच मनात होतं.

आई अंगणात वाटाण्याच्या शेंगा सोलत बसली होती. त्याला पाहताच ती उठली, आत गेली आणि चहाच्या डब्यातून वर्तमानपत्राचा घडी पडलेला तुकडा घेऊन आली. "हे बघ. पाद्रीबाबांनी वाचून दाखवलं मला. तीनदा वाचायला लावलं मी. प्रूची ती गोष्ट तू ध्यानात ठेवलीस रे पोरा!"

"आई, खाली बस."

"एवढीशी होती. ह्याच उंबऱ्यावर उभी. हातात बाहुली, ती चिंध्यांची..."

"आई, प्रू असं कधी म्हणाली नव्हती. मी एका बाईच्या पुस्तकातून घेतलं ते. कोर्टात खोटं बोललो मी."

आई चक्क हसली. "तुला काय ठाऊक? तू असायचास दिवसभर शाळेत नाहीतर ओढ्यावर. मला विचारलं होतं तिनं. मी ऐकलंय ते. तुला कुठून तरी आठवलं असेल आणि आता वाटतंय पुस्तकातून घेतलं."

"नाही गं आई. शपथेवर सांगतो..." आणि तो थांबला. त्याच्या शपथेची किंमत आता त्याला स्वतःलाच ठाऊक होती.

शेजारची म्हातारी कुंपणापाशी आली. आईनं तिलाही बोलावून ते वाक्य म्हणून दाखवलं. ते ती रोजच कुणाला तरी म्हणून दाखवत असावी, कारण शेजारीण शेवटचे शब्द तिच्याबरोबरच पुटपुटली. "होय की नाही रे, ओबेड?" आईनं विचारलं. टुलीनं खाली बघत शेंगांची टोपली पुढं ओढली. आईला तेवढी कबुली पुरली.

शेजारीण गेल्यावर त्यानं प्रूचा खरा आवाज आठवून बघायचा प्रयत्न केला. ती भांडखोर होती, त्याची गुळगुळीत दगडांची पिशवी लपवून ठेवायची, काहीतरी एक गाणं चुकीच्या शब्दांनी म्हणायची. कुठलं गाणं? चुकीचे शब्द कुठले? ते काही केल्या येईना. डोळे मिटले की एकच वाक्य येई, आणि ते हॅक्नीच्या एका मुलीचं होतं.

"आई," त्यानं विचारलं, "आणखी काय काय बोलायची गं प्रू?"

आईचे हात थांबले. तिच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"आणखी?" ती म्हणाली. "आणखी काय... हेच बोलायची, बघ."